भोपळा चाळीस रुपये, जंगल फुकट

आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहीत मागच्या हिवाळ्यातली दोन पानं शेजारीशेजारी आहेत. एका पानावर ‘मुलांची जंगल सहल’ आणि खाली बेरीज ७,४८० रुपये. दुसऱ्यावर ‘भोपळा वगैरे’ आणि बेरीज २१५. दोन्ही वेळा मुलं तीच होती, माझी दोन आणि निपाणीच्या वन्संची दोन. पहिल्या सहलीतलं त्यांना आज काय आठवतं विचारलं, तर परतताना धाब्यावर खाल्लेलं आइस्क्रीम. दुसऱ्या पानावरच्या दिवसाची गोष्ट मात्र धाकटा अजून नव्या पाहुण्याला पकडून सांगतो.

पहिल्या पानाचा हिशेब असा. सहल नेणाऱ्याचे माणशी ८५० प्रमाणे सहाजणांचे ५,१००, गाडीभाडं १,९००, वरखाण्याचे ४८०. त्यात मिळालं काय? एक टोपी, लॅमिनेट केलेलं ‘वनरक्षक’ असं कार्ड, सिमेंटच्या वाघासोबत फोटो आणि हातात माइक घेतलेल्या दादांची प्रश्नमंजूषा. त्या माइकच्या आवाजात दिवसभरात एक वानर दिसलं, तेही पार्किंगमध्ये. यात कुणी फसवलं असं नाही. जे छापलं होतं ते सगळं दिलं. चूक आमची होती. आम्ही ठिकाण विकत घेतलं, मुलांनी तिथं काय करायचं ते ठरवलंच नाही.

मुलांसाठी विषय ठरवून जंगलफेरी काढायची कल्पना जगात जुनी झाली. ब्रिटनच्या सरकारी जंगलांत ग्रफेलो या चित्रपुस्तकातल्या प्राण्याच्या नावाने वाटा आखल्या आहेत. मुलं हातात कागद-पेन्सिल घेऊन पाटीमागून पाटी शोधत जातात. मोठ्यांसाठी जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द काढला. तो फिरत फिरत बेंगळुरूला आला आणि २०२४ मध्ये कब्बन पार्कात दीड हजार रुपयांत वनस्नान, त्यात झाडाला मिठी, अशी जाहिरात लागली तेव्हा लोकांनी तिची यथेच्छ टर उडवली. सार्वजनिक बाग, झाडं सरकारची आणि मिठीचं तिकीट! पण टर उडवून झाल्यावर माझ्या मनात आलं की आपल्याकडेही जंगलातून जाणारी एक पक्की गोष्ट आहेच, घराघरात पाठ असलेली. म्हातारी, लेकीचं घर, वाटेतले कोल्हा-वाघ आणि भोपळा.

भोपळ्याची फेरी (वय ४ ते ८)

जागा निवडली टिळकवाडीतली व्हॅक्सिन डेपो. बाहेरगावच्यांसाठी सांगते, हे देवीच्या लसीच्या काळातलं सरकारी आवार. आत जुनी मोठी झाडं, पाचोळा, पायवाटा आणि सकाळी फिरायला येणारे निम्मे बेळगावकर. तिकीट नाही. सकाळी सातला पोचलं तर पक्षी असतात आणि ऊन नसतं.

आमच्या सासूबाई झाल्या म्हातारी. रविवारपेठेतून किलोभराचा छोटा लाल भोपळा चाळीस रुपयांना आणला होता, तो त्यांच्या हातात. वाटेवर चार ठिकाणी चार ‘जनावरं’ बसवली. कोल्हा म्हणजे मी, वाघ म्हणजे वन्सं, अस्वल म्हणजे मोठा मुलगा आणि लांडग्याचं काम सकाळी फिरायला आलेल्या शेजारच्या काकांनी आपणहून मागून घेतलं. म्हातारीला वाचवायचं असेल तर प्रत्येक जनावराला मुलांनी एक काम करून दाखवायचं, हा नियम.

कोल्ह्याचं काम रंगांचं. हार्डवेअरच्या दुकानातून रंगांची शेड कार्डं फुकट मिळतात, त्यातली हिरव्या-तपकिरी रंगांची पट्टी कापून प्रत्येकाला दिली. पट्टीवरच्या पाच छटा जमिनीवर पडलेल्या वस्तूंत शोधायच्या. पाच वर्षांच्या भाचीने ‘सुकलेल्या शेवग्यासारखा’ रंग शोधायला वीस मिनिटं घेतली आणि शेवटी शेंगेचं टरफल आणून पट्टीवर ठेवलं, तेव्हा दुकानदारालाही इतकं जुळवता आलं नसतं.

लांडग्याचं काम कानांचं. कागदाच्या मधोमध फुली मारायची, ती फुली म्हणजे मी. डोळे मिटून बसायचं आणि आवाज ज्या बाजूने येईल त्या बाजूला खूण करायची. पाच मिनिटांत कागदावर तांबट, खारूताई, रेल्वेची शिट्टी, काकांचा खोकला असं सगळं आलं. वाघाचं काम दोरीचं. हातभर दोरीचं रिंगण जमिनीवर टाकायचं आणि भिंगातून त्यातलं जिवंत काय काय आहे ते मोजायचं. आमच्या एका रिंगणात अकरा निघाले. त्यातल्या सातांची नावं कुणालाच येत नव्हती. अस्वलाच्या ठाण्यावर काहीच काम नव्हतं, केळी होती.

परत आल्यावर त्याच भोपळ्याचे घारगे झाले. गोष्टीतला भोपळा पोटात गेला, ही गोष्ट चार वर्षांच्या माणसाला फार मोठी वाटते. आता हिशेब: भोपळा ४०, भिंग ६५, केळी ४०, खडू १०, सासूबाईंसाठी जातानाची रिक्षा ६०. बाकी सगळे शहापूरहून चालत. घरातला गूळ-कणीक धरलेली नाही.

दोन राज्यांची फेरी (वय ८ च्या पुढे)

हा खेळ सीमाभागातच रंगतो. एका कार्डावर दहा चौकोन आखायचे. पाच महाराष्ट्राचे: शेकरू, हरियाल, आंबा, ताम्हण आणि नीलवंत फुलपाखरू. पाच कर्नाटकाचे: हत्ती, नीलपंख, चंदन, कमळ आणि सदर्न बर्डविंग फुलपाखरू. ही त्या-त्या राज्याची मानचिन्हं. मुलांनी दोन गट करून दुसऱ्या राज्याची चिन्हं शोधायची. म्हणजे निपाणीच्या भाच्यांनी शेकरू आणि कोल्हापूरहून आलेल्या मावसभावाने चंदन. घरात नाहीतरी सीमाप्रश्न चालतच असतो, तो एक दिवस मुलांकडे द्यावा.

हिवाळ्यात निपाणी-मुरगूड रस्त्याला शेताकडेच्या तारांवर नीलपंख बसलेला दिसतो. उडाला की निळा पंख उघडतो आणि गाडीत आरडाओरडा होतो. हरियाल हवा तर फळांनी लदलेला वड किंवा उंबर गाठा. नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. त्याचेच भाऊबंद तुमच्या परसातल्या कढीपत्त्यावर सापडतील, तेव्हा तयारी म्हणून आदल्या आठवड्यात कढीपत्त्याची पानं उलटून बघायला लावा. पक्ष्याच्या शिटेसारखं दिसणारं काहीतरी हलेल. तीच अळी. हत्तीचा चौकोन आम्ही वाटेतल्या गणपतीच्या देवळावर भरून घेतो. खानापूरच्या रानात कधीमधी दांडेलीकडून हत्ती येतात, पण मुलं बरोबर असताना तो चौकोन खरा भरायची हौस कुणी करू नये.

एप्रिल-मेमध्ये या दोन्ही फेऱ्या बाजूला ठेवून रानमेव्याची फेरी काढावी. जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर करवंदाच्या जाळ्या लदलेल्या असतात. ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायला पैसे लागत नाहीत: करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हाताला चीक लागतो, म्हणून खोबरेल तेलाची छोटी बाटली न्या. जाळी कुणाच्या शेताच्या कुंपणाची असेल तर विचारून तोडा. आणि द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या बाईकडून दोन द्रोण घ्याच, तिची सकाळ पाचला सुरू झालेली असते.

कुठं जायचं, किती घेऊन जायचं

बेळगावातल्या बेळगावात असाल तर व्हॅक्सिन डेपोवर दोनशेच्या आसपास दिवस होतो, हे वर आलंच. त्याच्या पुढची पायरी भुतरामनहट्टीचं कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय, शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, महामार्गालगत. हे जंगल नाही. पण पाऊलखुणांची फेरी काढायची असेल तर सुरुवात इथूनच करावी, कारण वाघाचा पंजा आणि तरसाचा पंजा यांत फरक काय ते आधी चित्रात आणि जिवंत पायांत पाहून ठेवलं तर नंतर ओढ्याकाठी मांजराच्या पावलावरून ‘बिबट्या, बिबट्या!’ होत नाही. चौघांसाठी तिकिटं आणि आतलं पाणी-खाणं धरून पाचशेची नोट वेगळी ठेवा. बेळगावहून जाणाऱ्यांना वाटेत टोल लागत नाही. निपाणीहून येणाऱ्यांना हत्तरगीचा नाका लागतो.

पाऊलखुणेचा साचा मात्र प्राणिसंग्रहालयात किंवा अभयारण्यात काढायचा नाही. शेताच्या बांधावर, तळ्याच्या काठावर काढा. प्लास्टर ऑफ पॅरिसची किलोभराची पुडी साठ-सत्तर रुपयांत येते. कुत्र्याचं, शेळीचं, बगळ्याचं, कसलंही पाऊल चालेल. भोवती पुठ्ठ्याची पट्टी गोल करून रोवायची, दोन वाट्या पावडरला साधारण एक वाटी पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं कालवायचं, हळू ओतायचं आणि अर्धा तास हात लावू न देता बसायचं. हा अर्धा तास सगळ्यांत अवघड. तेवढ्यासाठीच धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून न्यावी.

खानापूरच्या पलीकडचं भीमगड अभयारण्य हे खरं घनदाट रान. २०११ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं, म्हादईच्या पाणलोटाचं. वाघूळ हा विषय घेऊन तयारी करायची तर याच्यासारखी जागा नाही, कारण इथल्या बारापेडे गुहेत रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट नावाचं वटवाघूळ राहतं आणि जगात ते याच एका गुहेत सापडतं असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. गुहा बघायला जायचं नाही, ती त्यांची आहे. अभयारण्यात मनाला येईल तिथं उतरून चालायलाही परवानगी नाही. वनखात्याकडे आधी नोंद करून, त्यांच्या माणसाबरोबर, ठरलेल्या वाटेनेच जायचं. म्हणून आठ वर्षांखालची मुलं असतील तर माझं स्पष्ट मत: भीमगड आत्ता नको. नियम त्यांना समजत नाहीत आणि हेम्माडग्याच्या पुढे मोबाइलला रेंजही नसते. मोठी मुलं असतील तर गाडी, नोंदणी, वाटाड्या आणि जेवण मिळून चौघांचे तीन हजार धरून निघा. बेळगावहून जाऊन-येऊन शंभरएक किलोमीटर होतात, पेट्रोल सात लिटर.

निपाणीकरांनी मात्र उलट्या दिशेला जावं. मुरगूड, मुधाळतिट्टा, राधानगरी हा देवगड रस्ता धरला की पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर शाहू महाराजांच्या धरणाशी पोचता, महामार्ग लागत नाही म्हणून टोलही नाही. राधानगरीत फुलपाखरू उद्यान आहे. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन राज्यांच्या फेरीतले फुलपाखरांचे चौकोन इथं भरून घ्यावेत. पुढे दाजीपूर. गव्यांसाठी राखलेलं, १९५८ पासूनचं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. सगळं मिळून ३५१ चौरस किलोमीटर, २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत. जूनपासून पावसाळाभर आतला रस्ता बंद असतो, हे विसरून दरवर्षी कितीतरी गाड्या गेटावरून परत फिरतात.

दाजीपूरच्या गेटावर माणसांची, गाडीची, वाटाड्याची आणि कॅमेऱ्याची पावती वेगवेगळी होते. घरून निघताना फक्त माणशी तिकीट विचारलं तर हिशेब निम्माच कळतो. आतला रस्ता कच्चा. खाली टेकणारी गाडी असेल तर स्थानिक जीप घ्या, सायलेन्सरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. आमचा चौघांचा अंदाज असा: निपाणीहून जाऊन-येऊन १६० किलोमीटर, पंधराच्या मायलेजने अकरा लिटर, लिटरला १०३ रुपये धरून साडेअकराशेच्या आतबाहेर, पावत्यांसाठी हजार, जीप लागली तर आणखी दोन-अडीच हजार, जेवण घरून. म्हणजे स्वतःच्या गाडीत सव्वादोन हजार, जीपसह सव्वाचार ते पावणेपाच. वाटाड्याला ‘आम्हाला गवाच दाखवा’ म्हणू नका, तो बिचारा दडपणात गाडी पळवतो. त्याला कार्ड दाखवा आणि शेकरूचं घरटं विचारा. उंच फांदीवरचा पानांचा तो भारा एकदा ओळखायला आला की मुलं स्वतः मोजायला लागतात. दाजीपूरची उगवाईची देवराईही बघावी. तिथं मुलांना एकच काम द्यायचं, सगळ्यांत जाड खोडाला किती जणांचे हात लागतात ते पाहायचं. फांदी मोडायची नाही, का ते आजीला विचारायचं.

गाडी की बस

भाड्याची गाडी ठरवताना किलोमीटरचा दर सगळेच विचारतात. खरे प्रश्न पुढे आहेत: दिवसाला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे लावणार? अडीचशे-तीनशेची अट असेल तर १६० च्या सहलीला तुम्ही उरलेल्या शंभराचे पैसे फुकट देता. चालकाचा भत्ता आत की वेगळा? आणि केए पाटीची गाडी महाराष्ट्रात नेताना परमिट भाड्यात धरलंय का? हा शेवटचा प्रश्न कागलच्या अलीकडे विचारलेला बरा.

स्वतःच्या गाडीने महामार्गावरून जाणार असाल तर चोवीस तासांत परत येण्याचा टोल एकेरीच्या दीडपट पडतो, दुप्पट नाही. फास्टॅग नसेल किंवा रिकामा असेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट, हा नोव्हेंबर २०२५ चा नियम. कोगनोळी आणि हत्तरगी ज्यांना रोजचीच आहेत त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत सुरू झालेल्या वार्षिक पासचा हिशेब करून बघावा. दोनशे फेऱ्यांचा तो पास सहलीपुरता घेण्यात मात्र अर्थ नाही.

बसने गेलं तर सीमाभागातल्या बायकांसारखी श्रीमंती कुणाची नाही. कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास बायका-मुलींना मोफत. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तर ओलांडलेल्या आजी-आजोबांना पूर्ण माफ. एसटीत पाच वर्षांखाली तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. वन्सं, त्यांच्या दोन मुली आणि सासूबाई अशा चौघी एकदा निपाणीहून बेळगावला आल्या तेव्हा कंडक्टरने चार शून्य रकमेची तिकिटं हातात दिली. सासूबाईंनी ती अजून पोथीत ठेवली आहेत. राधानगरीला बसने जाताना मुधाळतिट्ट्याला बदलावी लागली तर परतीची शेवटची गाडी उतरल्याउतरल्या विचारून ठेवा.

पिशवीत काय

नवीन काही विकत घेऊ नका. दुर्बिणीचा मोह होतो. दहा वर्षांखालच्या मुलांना ती धरता येत नाही, भांडण मात्र होतं. भिंग, वही, दोरी, शिट्टी (हरवलात तर एका जागी थांबून तीनदा वाजवायची), पाण्याची घरची बाटली, रिकामी कापडी पिशवी. सुट्टे पैसे नक्की, कारण रेंज नसते तिथं यूपीआय चालत नाही आणि गेटावर पाचशेचे सुट्टे कुणाकडे नसतात. खाण्याची पाकिटं घरीच फोडून डब्यात भरा; वानराला कुरकुरीत पाकिटाचा आवाज फर्लांगावरून कळतो.

अभयारण्यातून पीस, बी, दगड काहीही घरी आणायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा तो मामला आहे. मुलांना हे आधी सांगा, गेटावर खिसे उलटे करताना रडारड नको. जमवायची हौस व्हॅक्सिन डेपोत किंवा तवंदी घाटाच्या रस्त्याकडेला पडलेल्या बियांवर भागवावी.

पावसात जळवा लागतात. आमच्याकडचे जुने लोक मोज्यात तंबाखूची भुकटी घालून रानात जायचे, आणि निपाणीत तंबाखूला तोटा नाही. मोठ्यांनी काय करायचं ते करावं, मुलांच्या अंगाला मात्र ती लावू नका; ओली तंबाखू कातडीतून भिनते, मळमळ-चक्कर येते. त्यांच्यासाठी मिठाची पुरचुंडी पुरे.

आणि गोचीड. डिसेंबर ते मे हा रानातल्या गोचिडांचा हंगाम, आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात, दोडामार्ग-सत्तरीपासून खानापूरपर्यंत, गोचिडामुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. फुल पँट, पँटचं टोक मोज्यात खोचलेलं, फिकट रंगाचे कपडे म्हणजे गोचीड दिसतो. पाचोळ्यात लोळायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात, मुलं न्हाणीघरात, आणि कानामागे, काखेत, गुडघ्याच्या लवणीत नीट बघा. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, काडी पेटवून भाजायचा नाही. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आलाच, तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच: जंगलात जाऊन आलोय.